पापनाशमची मेलेली तळी

१

ही हकिकत २०२२ सालची. ते साल मला विसरता येत नाही. त्या वर्षी दिवाळीच्या पणत्या उचलायच्या आत माझा धाकटा भाऊ रघोजी गेला, आणि त्याच्या बायकोनं पोटच्या पोरीला दारातून परत पाठवलं.

रघोजीची तळी तंजावूरजवळ, पापनाशमच्या अलीकडे, भातशेतांच्या मधे होती. आमच्या वाडवडिलांनी तिथे भातच पिकवलं. रघोजीनं बँकेतून निवृत्त झाल्यावर जमीन खणली आणि तळ्यांत तिलापिया सोडले. आमच्याकडे त्या माशाला जिलेबी म्हणतात. लहानपणी हाच रघोजी आईचं लुगडं पळवून पाटात मासे धरायचा. मासे मिळायचे नाहीत, मार मात्र मिळायचा. म्हातारपणी हौस फिटली म्हणून तो खूश होता.

त्या सकाळी त्याची बायको कामाक्षी नेहमीसारखी त्याची कापी, म्हणजे कॉफी, घेऊन बांधावर गेली. तो बांधाच्या उतारावर पडला होता, पाय पाण्यात, हातात जाळीचा दांडा. तळं पांढरं दिसत होतं. सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. त्यांच्या डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती आणि अंगावर लाल चट्टे उठले होते. मासे मरत होते आणि तो ते उपसत होता. उपसता उपसता त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरनं तसंच सांगितलं.

कामाक्षी म्हणाली, "हृदय कसलं? हरितानं मारलं त्यांना."

हरिता त्यांची एकुलती एक मुलगी. तंजावूरच्या बाहेर, ओरत्तनाडूच्या रस्त्यावर माशांच्या रोगांवर संशोधन करणारं एक केंद्र होतं, तिथे ती शास्त्रज्ञ होती. जिलेबीला एक विषाणू लागतो आणि तळीच्या तळी रिकामी होतात. त्यावर ती लस बनवत होती, आणि तीही जिवंत विषाणूची. विषाणू मारायचा नाही, दुबळा करायचा. तिनं तो वर्षानुवर्षं थंडीत वाढवला होता, पिढीमागून पिढी, इतका की उष्ण पाण्यात त्याला धड जगता येईना. तळ्यातल्या माशाच्या अंगात तो नुसता लंगडत राही, आणि माशाचं शरीर त्याला ओळखायला शिके. पिल्लं लसीच्या पाण्यात बुडवायची आणि तळ्यात सोडायची, एवढंच काम. पहिला प्रयोग दुसरीकडे करायचं ठरत होतं. रघोजीच हटून बसला. "माझ्या पोरीची लस आधी दुसऱ्याच्या तळ्यात का म्हणून?"

तेराव्याला हरिता घरी आली. कामाक्षी उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आत येऊ नको. तुझ्या अप्पांनी तुझ्यावर विश्वास ठेवला, मी ठेवणार नाही."

हरिता तशीच मागे वळली. मी तिच्या मागे फाटकापर्यंत गेले. तिथे तिनं माझा हात धरला.

"आत्या, अम्मा म्हणते ते खरं असेल तर मी परत या दारात येणार नाही. पण खरं काय ते मला कुणीतरी शोधून सांगा."

२

मी राजमकडे गेले. राजम माझी शाळेतली मैत्रीण. चेन्नईच्या सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिनं आयुष्यभर विषं तपासली, आणि निवृत्त होऊन तंजावूरला परत आली. गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

सगळं ऐकून ती म्हणाली, "माशांचं काम मी कधी केलं नाही. पण बरं आहे. मेलेल्या माशाचे नातेवाईक खोटी साक्ष देत नाहीत."

"राजम, माझा भाऊ गेलाय."

"ठाऊक आहे गं. म्हणून तर येतेय. नाहीतर या गुडघ्यांनी कोण पापनाशमला जातं?"

तिनं हरिताला बोलावून घेतलं. पंधरा दिवसांत पोरीचा चेहरा ओढला होता. राजमनं तिला समोर बसवलं.

"तीनच गोष्टी होऊ शकतात. एक, बाहेरून रानटी विषाणू आला. दोन, कुणीतरी लसीच्या कुपीत दुसरा, मूळचा जहाल विषाणू भरला. तीन, तुझीच लस उलटली. कुठली?"

हरितानं मेलेल्या माशांचे तुकडे गड्याकडून मागवून, बर्फात जपून हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवले होते. विषाणूची जनुकं तिथे अक्षर न् अक्षर वाचता येतात. "उत्तर आलं की सांगते, मामी." आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला सगळेच मामी म्हणतात.

उत्तर आठवडाभरानं आलं. हरिता ते फोनवर वाचत माझ्या ओसरीवर आली आणि पायरीवरच बसली.

"माझाच आहे," ती म्हणाली. "थंडीत वाढताना माझ्या विषाणूत जेवढे बदल झाले होते, ते सगळे यात आहेत. एक सोडून. ज्या बदलामुळे तो उष्णतेला भीत होता, नेमका तोच पुसला गेलाय. रानटी नाही, कुपीही कुणी बदलली नाही. माझ्याच विषाणूनं अप्पांचे मासे मारले."

मला वाटलं, संपलं. ओसरीवर बसलेल्या राजमनं मात्र चष्मा काढून पुसला.

"उष्णतेची भीती अशी आपोआप जाते का?"

"थंडीत ठेवला तर नाही. पण तो वाढत असताना मधेच ऊब मिळाली, तर भिणारे मरतात आणि चुकून न भिणारा एखादा असेल तोच वाढत जातो. पण माझा विषाणू कायम थंड कपाटात होता, मामी. एक तासही बाहेर नव्हता."

"असं तू म्हणतेस," राजम म्हणाली. "तुझा विषाणू वेगळं सांगतोय."

३

आधी राजम आणि मी कामाक्षीकडे गेलो. कामाक्षी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"मासे मरायला लागले तेव्हा रघोजीनं काय केलं?" राजमनं विचारलं.

"काय करणार? पहिल्या दिवशी थोडेच मेले होते. ते घाबरले. मी म्हटलं, हरिताला फोन करा. तिचा लागला नाही, म्हणून केंद्राच्या नंबरावर लावला. मी इथेच तांदूळ निवडत होते."

"काय बोलला?"

"पाटाची झडप बंद करू का, असं विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, 'बरं, वाट बघतो.' आणि शेवटी..." कामाक्षी थांबली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ काय हे तिला स्वतःलाही आत्ता पहिल्यांदा जाणवत होतं. "शेवटी म्हणाले, 'हो हो, तिला नाही सांगत.'"

"पलीकडे कोण होतं?"

"नाही ठाऊक. ते म्हणाले, लस अंगात भिनते तेव्हा थोडे मरतातच, चार दिवस थांबायला सांगितलंय. फोन मासे उपसताना त्यांच्या खिशातून पाण्यात पडला."

झडप उघडीच राहिली होती. तळ्याचं पाणी पाटातून खालच्या सगळ्या तळ्यांत गेलं होतं. खालच्या शेतकऱ्यांचे मासेही मेले, आणि रघोजीला जाळून आल्यावर ते लोक आमच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले.

गाडीत बसल्यावर राजमनं आधी गुडघे चोळले. मग म्हणाली, "पोरीपासून लपव असं बापाला सांगणारा माणूस हरिताला वाचवत नव्हता. स्वतःला वाचवत होता. आणि तो त्या केंद्रात बसतो."

४

केंद्र लहान होतं. हरिताखेरीज तिथे कामाची माणसं तिघंच.

पहिला भेटला प्रणवेश. वय हरिताएवढंच. तो मारलेल्या विषाणूची लस बनवत होता, आणि दोघांत पहिल्यापासून चुरस होती. त्यानं आम्हाला बसाही म्हटलं नाही.

"मी तिला हजारदा सांगितलं होतं. जिवंत म्हणजे जिवंत. मेलेला उठून बसत नाही, मामी."

"तुझी लस टोचावी लागते ना, एकेका माशाला धरून?" राजम म्हणाली.

"लागते."

"म्हणजे गरीब माणूस ती घेणार नाही. हरिताची चालली असती तर तुझी अडगळीत गेली असती."

तो तांबडालाल झाला. "म्हणून काय मी मासे मारीन? माझं चुकलं एवढंच, की बातमी कळली त्याच दिवशी मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की लस उलटली. बोललोय, नाकारत नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हाच. डोळ्यांत बघ कसा होता."

"डोळे सोड. ज्याला ओरडून सांगायचंय तो 'तिला सांगू नका' कशाला म्हणेल?"

दुसरी वरलक्ष्मी. विषाणू वाढवायची खोली तिच्या ताब्यात असे. चाळिशीची, टापटीप, बोलताना सारखा पदर सावरणारी. हरिताची सगळी कुपी-भांडी चौकशी समितीनं जप्त केली होती, थंड कपाट रिकामं पडलं होतं. राजमनं त्याच्या मागे वाकून बघितलं आणि प्लगला हात घातला.

"अय्यो, मामी, तो काढू नका!" वरलक्ष्मी किंचाळली.

"आत काही नाही ना?"

"नाही, पण... तो प्लग कुणीच काढत नाही. हरितानं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. सगळी यंत्रं बंद झाली तरी हे नाही."

राजमनं प्लग ओढला. मग मोबाइलचा दिवा लावून भिंतीवरच्या बोर्डाकडे बघत राहिली.

"इकडे ये," ती मला म्हणाली.

बोर्डावर, तीन भोकांच्या मधोमध, वाळलेलं चंदन होतं आणि त्यावर कुंकवाचा ठिपका. प्लगच्या आतल्या बाजूलाही त्याचा पिवळट डाग उमटला होता.

"हे गंध प्लग लावलेला असताना लावता येत नाही," राजम सावकाश म्हणाली. "बोर्ड केव्हाचा आहे, वरलक्ष्मी?"

"नवा आहे. ऑगस्टमध्ये जुना जळाला, तेव्हा बदलला."

ऑगस्टनंतर यंत्रांना गंध लागण्याचा दिवस एकच. आयुधपूजा. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून बसपर्यंत प्रत्येक हत्यार पुसून त्याला चंदन-कुंकू लावतात, आणि विजयादशमी उजाडेपर्यंत त्याला हात लावत नाहीत. हत्याराला विश्रांती म्हणजे विश्रांती.

"यंत्रांची पूजा कोण करतं?" राजमनं विचारलं.

वरलक्ष्मीचा चेहरा पांढरा पडला. "मीच," ती म्हणाली. "दरवर्षी मीच करते."

५

तिसरे डॉ. शेषाद्री, केंद्राचे प्रमुख. आमच्यातलेच, तंजावूरचे देशस्थ. हरिताला त्यांनीच विद्यापीठातून उचलून आणलं होतं. रघोजी गेला तेव्हा ते स्मशानात आले होते, आणि माझ्यासमोर डोळे पुसले होते.

"हरिता माझ्या मुलीसारखी आहे," ते म्हणाले. "पण समितीला मला खरंच सांगावं लागलं. तिच्याकडून हयगय झाली."

"आयुधपूजेला ती इथे होती का?"

"नाही, वडिलांकडे होती. त्यांच्या पंपांची पूजा असते."

"आणि इथे यंत्रांना गंध?"

"वरलक्ष्मी लावते. फार श्रद्धाळू बाई आहे." मग त्यांनी राजमकडे बघितलं. "का? काही चुकलं का तिचं?"

घरी येताना मला वरलक्ष्मीची कीव येत होती. बिचारीनं भाबडेपणानं प्लग काढला असणार. राजम मात्र हरिताच्या फोनमधला फोटो मोठा करून बघत होती. पूजेच्या दिवशी शेषाद्रींनीच तो सगळ्यांना पाठवला होता. आत आरतीचं ताट, केळीचे खांब, सगळी माणसं ओळीनं उभी. आणि दाराच्या पलीकडे, व्हरांड्यात, खांबाला टेकून वरलक्ष्मी.

"सणाचा दिवस," राजम म्हणाली. "झाडणाऱ्या बाईच्यासुद्धा केसांत मोगरा आहे. आणि ही श्रद्धाळू बाई बिनफुलांची बाहेर उभी."

मला कळलं. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्यात हे सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वरलक्ष्मीच्या घरी गेलो. तिचा नवरा बाहेर जाईपर्यंत राजम हवापाण्याच्या गप्पा मारत बसली. मग म्हणाली, "वरलक्ष्मी, त्या दिवशी तू बाहेर बसली होतीस ना?"

तिनं मान खाली घातली आणि रडायला लागली.

"समितीत सगळे पुरुष, मामी. त्यांच्यासमोर काय सांगू? सर म्हणाले, पूजा दरवर्षी तूच करतेस, तसंच सांग, उगीच फाटे नकोत. मी हो म्हटलं. मला काय ठाऊक त्यातून काय निघणार!"

"किल्ली कुणाला दिलीस?"

"सरांनाच. त्यांनीच ताट घेतलं. मी व्हरांड्यात होते. त्या कपाटाची घरघर चालू असते सारखी. ती थांबली. मला वाटलं, सरांना ठाऊक असेल. विजयादशमीला सरच आधी आले होते. मी गेले तेव्हा घरघर चालू होती."

६

शेषाद्रींच्या खोलीत आम्ही तिघी होतो. हरिताला राजमनं मुद्दाम आणलं होतं.

राजम बसून बोलली, आवाज न चढवता. "तुम्ही आयुधपूजेला त्या थंड कपाटाचा प्लग काढलात आणि बोर्डाला गंध लावलंत. खोली बंद झाली. विषाणू पूर्ण एक दिवस-रात्र तंजावूरच्या उकाड्यात राहिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही दार उघडलंत, कपाट उबदार लागलं, प्लग लावलात आणि गप्प बसलात. हरितानं सुरक्षेची चाचणी पूजेच्या आधी काढलेल्या नमुन्यावर केली होती. तो निर्दोष होता. तळ्यात गेली ती नंतरची लस."

"हे सगळे तुमचे तर्क, राजम अम्मा."

"गंध तर्क नाही. वरलक्ष्मीनं ऐकलं ते तर्क नाही. आणि रघोजीचा फोन. वरलक्ष्मीला कपाट तापलं होतं हेच ठाऊक नव्हतं, प्रणवेशला ओरडायचं होतं. 'तिला सांगू नका' म्हणायची गरज एकाच माणसाला होती. ज्याला हरिताचा पहिला प्रश्न 'कपाट कधी तापलं?' हाच असेल हे ठाऊक होतं."

शेषाद्रींनी टेबलावरचं पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"माझ्या वडिलांचा छापखाना होता," ते म्हणाले. "त्या दिवशी ते यंत्राचा पट्टा काढून ठेवत. चालत्या यंत्राला गंध लावू नये म्हणत. मी आरतीपुरता प्लग काढला होता, राजम अम्मा. आरतीपुरताच. तेवढ्यात दिल्लीहून फोन आला, मी बोलत बाहेर गेलो, आणि कुलूप लागलं."

"आणि दुसऱ्या दिवशी?" हरितानं विचारलं.

"विषाणू ज्या पेशींवर वाढतो त्या जिवंत होत्या. सगळं नेहमीसारखं दिसत होतं. प्रयोगाची तारीख ठरली होती, पाहुणे बोलावले होते. मी... मला वाटलं, काही होणार नाही. एका दिवसानं काय होतंय?"

"तुम्ही मला शिकवलंत सर, की एका दिवसानं काय होतं."

शेषाद्रींनी पेन खिशाला लावलं.

"अप्पांनी झडप बंद करू का विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला असता तर निदान खालची तळी वाचली असती. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी तळी उपसली असती, त्यांना एकट्याला उपसू दिली नसती. मासे मेलेच असते. अप्पा कदाचित..." तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले. "का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, मरणं थांबेल," शेषाद्री म्हणाले. "मग वाटलं, आता उशीर झाला. प्रत्येक दिवशी आदल्या दिवसापेक्षा सांगणं जड होत गेलं."

हरिता उठली आणि बाहेर गेली. दार तिनं हळूच लावून घेतलं.

७

आम्ही कामाक्षीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हिनं नाही मारलं."

मला वाटलं होतं राजम हो म्हणेल. पण ती जन्मभर कोर्टात खरं बोललेली बाई. "प्लग तिनं काढला नाही," ती म्हणाली. "लपवलंही नाही. पण तळ्यात घालायची लस शेवटी एकदा तपासायची राहिली, ती तिच्याकडून राहिली. ती स्वतःच तसं म्हणते."

कामाक्षी उठून दारापाशी गेली. मग म्हणाली, "बोलवा तिला."

शेषाद्रींनी समितीपुढे कबुली दिली आणि राजीनामा दिला. खालच्या शेतकऱ्यांनी कोर्टात लावलेला दावा अजून चालू आहे. शेषाद्री श्रीरंगमला मुलाकडे राहायला गेले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. रघोजीसाठी ते स्मशानात आले होते, मी त्यांच्यासाठी गेले नाही.

प्रणवेश आता केंद्राचा प्रमुख आहे. त्याची टोचायची लस मोठ्या कंपन्या घेतात, लहान तळीवाले घेत नाहीत. हरिताबद्दल विचारलं तर तो वाईट बोलत नाही, आणि हे त्याच्याकडून पुष्कळ आहे. वरलक्ष्मीनं बदली मागून घेतली. आयुधपूजेला ती आता रजा घेते. राजमनं एक गुडघा बदलून घेतला आणि दुसऱ्यासाठी डॉक्टरशी भांडते आहे.

हरिता भुवनेश्वरला असते. काम तेच आहे. आता ती विषाणूला नुसती सवय लावत नाही, त्याचा एक तुकडाच कापून टाकते, म्हणजे मागे फिरायला त्याच्यापाशी काही उरत नाही. ती लस अजून कुठल्याही तळ्यात गेलेली नाही. केव्हा जाणार, असं कुणी विचारलं की ती म्हणते, "अजून नाही."

रघोजीच्या वर्षश्राद्धाला ती दरवर्षी येते. कामाक्षी तिला स्वतः वाढते. बाकीची तळी कामाक्षीनं बुजवली, तिथे पुन्हा भात पिकतं. एक मात्र ठेवलं आहे. त्यात पाणी भरलेलं असतं, मासे नसतात. गेल्या खेपेला जेवताना ती हरिताला म्हणाली, "तुझी नवी झाली की सांग. एक तळं मी राखलंय."

हरितानं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. जेवण झाल्यावर तिनं आईचं ताट उचललं, दोन्ही ताटं घासली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. तळ्याकडे ती अजून गेलेली नाही.